भयकथेचा टीव्ही-रिमेक जोखायचा कशावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका गाजलेल्या जुन्या भयकथेवर नवी मालिका आली आहे. मूळ कथा प्रश्नकर्त्याची लाडकी. मालिका बघताना सारखं वाटत राहतं की मुळात हे असं नव्हतं. सोबत बघणारे मात्र म्हणतात, तुलना सोड, स्वतंत्र कलाकृती म्हणून बघ. मग रिमेक जमला की फसला हे ठरवायचं कशावरून?

मी बरीच वर्षं मालिकांच्या पटकथा तपासते आणि संकलकाशेजारी बसून भागांची काटछाट करते. भयकथा हा त्यातला माझा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रांत. माझ्या मते तुम्ही आणि तुमचे सोबती, दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. तुलना सोडता येत नाही, कारण रिमेकने मूळ कथेचं नाव लावलं आहे आणि त्या नावावर प्रेक्षक गोळा केला आहे. पण पात्रं, प्रसंग, शेवट यांची यादी करून टिकमार्क करत बसणं ही तुलना नव्हे, तो हिशेब झाला. तुलना एकाच गोष्टीची करायची. प्रत्येक अव्वल भयकथा काहीतरी द्यायचं ठामपणे नाकारते. कधी खुलासा नाकारते, कधी पुरावा, कधी दिलासा. ते नाकारणं नेमकं कुठे आहे ते आधी शोधून काढा. मग रिमेकने त्या जागेचं काय केलं ते बघा आणि त्यावर निकाल द्या. काळ, गाव, वय, नाव, व्यवसाय, सगळं बदलूनही कथा जिवंत राहू शकते. काहीही न बदलता ही एक जागा बुजवली, तर कथा गेलीच म्हणून समजा.

उदाहरणांशिवाय हे पटणार नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगते. पुढे काही कथांचे आणि मालिकांचे शेवट उघड होतील, त्याला इलाज नाही.

हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' ही लघुकादंबरी १८९८ची. आडबाजूचा मोठा वाडा, दोन अनाथ मुलं, त्यांना सांभाळायला आलेली तरुण गव्हर्नेस आणि पूर्वी तिथे नोकरीला असलेल्या दोन मृत माणसांची भुतं, पीटर क्विंट आणि मिस जेसल. भुतं खरी आहेत, की या मुलीच्या डोक्यात काहीतरी बिघडलं आहे, हे जेम्स शेवटपर्यंत सांगत नाही. सगळी हकिकत तिच्याच तोंडून येते. कागदावर 'मला तो दिसला' असं वाक्य आलं की वाचक तिच्या डोळ्यांनी बघतो आणि त्याच क्षणी तिच्यावर संशयही घेऊ शकतो. कॅमेऱ्यापुढे इथेच पेच उभा राहतो. कॅमेरा साक्षीदारासारखा वागतो. त्याने क्विंट दाखवला की प्रेक्षक म्हणतो, आहे की तो. आणि ती पाठमोरी असताना, तिचं लक्ष नसताना क्विंट मागच्या खिडकीत दिसला तर निकालच लागला. तीन सेकंदांचा एक शॉट, आणि जेम्सने अख्ख्या पुस्तकभर जपलेली शंका संपली.

म्हणून या कथेचं कुठलंही रूप समोर आलं की मी एकच गोष्ट तपासते. भूत आणि ती बाई एका फ्रेममध्ये येतात तेव्हा आधी कोण दिसतं? १९६१च्या 'द इनोसंट्स' या चित्रपटात दिग्दर्शक जॅक क्लेटनने बहुतेक वेळा आधी डेबोरा करचा चेहरा दाखवला, तिची दचक आपल्याला पाहू दिली आणि मग ती काय बघते आहे ते दाखवलं. त्यामुळे पडद्यावर दिसलेलं भूतसुद्धा तिच्याच खात्यावर जमा होतं. भूत दाखवूनही शंका शाबूत. संकलनातला हा साधा क्रम आहे, पण चित्रपटाची सगळी भीती त्यावर उभी आहे.

बीबीसीने २००९ मध्ये हीच कथा टीव्हीवर आणली तेव्हा काळ १९२०च्या दशकात नेला आणि गव्हर्नेसला मनोरुग्णालयात एका डॉक्टरसमोर बसवून तिची हकिकत सांगायला लावली. वरवर पाहता हा शंका वाढवणारा बदल. माझ्या मते त्याने शंका उलट पातळ केली. 'हिचं डोकं ठिकाणावर आहे का?' हा प्रश्न पात्रंच मोठ्याने विचारू लागली की प्रेक्षकाने तो स्वतःशी विचारायची गरजच उरत नाही. मूळ कथेत तो प्रश्न वाचकाच्या मनात हळूहळू उगवतो आणि तो उगवला म्हणूनच वाचकाला अपराधी वाटतं: मी या मुलीवर अविश्वास दाखवतोय का? तो अपराधीपणा इथे हरवला.

मग २०२०ची 'द हाँटिंग ऑफ ब्लाय मॅनर'. माइक फ्लॅनगनची मालिका, नऊ भाग, काळ १९८०च्या दशकाचा. इथे भुतं खरी आहेत आणि मालिका ते लपवत नाही. फ्रेमच्या कडेला, दाराआड, जिन्याखाली ती उभी असतात आणि पात्रांपैकी कुणाचं तिकडे लक्षही नसतं. म्हणजे जेम्सची शंका या मालिकेने जाणूनबुजून खाली ठेवली. एवढ्यावरून तिला नापास करणारे मला भेटतात. मी करत नाही. त्या जागी मालिकेने काय ठेवलं, हे मी विचारते. पाचव्या भागात त्याचं उत्तर आहे. घराची व्यवस्था बघणारी हॅना ग्रोस एकाच जुन्या संभाषणात पुन्हा पुन्हा जाऊन पडते. ती नोकरीसाठी आलेल्या आचाऱ्याशी बोलते आहे, मध्येच काळ घसरतो, ती दुसऱ्याच खोलीत असते, परत त्याच टेबलाशी येते, आणि दरवेळी त्या बोलण्यात काहीतरी बदललेलं असतं. आपण मेलो आहोत हे तिला मान्य करायचं नाही. आता मूळ कथा आठवा. तिथे मिसेस ग्रोस ही एकमेव भानावर असलेली साक्षीदार आहे, आणि तिला भुतं दिसत नाहीत. मालिकेने त्याच पात्राला भूत केलं, आणि तेही स्वतःला न दिसणारं भूत. कोण खरं बघतंय ही जेम्सची शंका त्यांनी टाकून दिली नव्हती, तिची जागा बदलली होती. असा बदल दिसला की मी उठून दाद देते.

आणि तीच मालिका आठव्या भागात घसरते. रात्री घरातून चालत जाणारी चेहरा नसलेली बाई ही तोवर मालिकेतली सर्वांत भयंकर गोष्ट असते. आठवा भाग, तोही कृष्णधवल, तिचं संपूर्ण चरित्र सांगतो: कोण होती, कुणी मारलं, चेहरा का गेला, का चालते. भाग सुंदर चित्रित केलेला आहे, प्रश्नच नाही. पण नाकापेक्षा मोती जड झाला. त्यानंतर ती बाई चालताना दिसली की कीव येते, काटा येत नाही. भुताची कैफियत ऐकून घेतली की त्याच्याशी आपलं नातं पक्षकाराचं होतं. मालिका प्रेमकथेकडे वळणार होती म्हणून त्यांना ते चाललं असेल. भयकथा म्हणून ती तिथे संपली.

आता थोडं आणखी जवळून पाहू, कारण एकाच कथेची दोन टीव्ही-रूपं शेजारी ठेवली की मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो. एम. आर. जेम्सची (हा दुसरा जेम्स, हेन्री नव्हे) 'ओ, व्हिसल, अँड आय'ल कम टू यू, माय लॅड' ही कथा १९०४च्या संग्रहातली. पार्किन्स नावाचा प्राध्यापक समुद्रकाठच्या गावी सुट्टीला जातो. तरुण, टापटीप, बोलण्यात काटेकोर, भुताखेतांची चेष्टा करणारा. जुन्या अवशेषांत त्याला एक शिट्टी सापडते. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलं आहे: हा येतोय तो कोण? तो शिट्टी वाजवतो. वारा सुटतो. त्याच्या खोलीत दोन पलंग आहेत आणि तो एकटाच आहे. सकाळी मोलकरीण सांगते की दोन्ही अंथरुणं वापरलेली दिसतात. शेवटी रिकाम्या पलंगावरची चादर उठून बसते. तिला चेहरा आहे, चुरगळलेल्या कापडाचा. ते काय होतं, कुठून आलं, हे जेम्स सांगत नाही. शिट्टीवरच्या प्रश्नाला उत्तर नाही, आणि सगळी भीती त्या न दिलेल्या उत्तरात आहे.

१९६८ मध्ये जोनाथन मिलरने बीबीसीसाठी यावर कृष्णधवल लघुपट केला, पाऊण तासाच्या आतला. त्यात मायकल हॉर्डर्नने साकारलेला प्राध्यापक म्हातारा आहे, पुटपुटणारा, स्वतःच्याच वाक्यांवर खुश होऊन ती घोळवणारा. मूळच्या काटेकोर तरुणाचा इथे मागमूस नाही. टिकमार्कवाल्यांनी पहिल्या पाच मिनिटांत याला नापास केलं असतं. पण न्याहारीच्या टेबलावरचा प्रसंग बघा. शेजारचा कर्नल त्याला सहज विचारतो, भुतांवर विश्वास आहे का? प्राध्यापक त्या प्रश्नाची चिरफाड करतो, 'विश्वास' म्हणजे काय इथपासून सुरुवात करतो आणि शेवटी एक चमकदार वाक्य टाकून स्वतःच मनापासून हसतो. कर्नल गप्प होतो. कॅमेरा हलत नाही. प्राध्यापकाचं खाणं चालू असतं, त्याचा आवाज येत राहतो. या माणसाकडे भाषेशिवाय दुसरं काही नाही, हे त्या प्रसंगात ठसतं. म्हणून शेवटी चादर हलते तेव्हा त्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीत, लहान मुलासारखा केविलवाणा आवाज निघतो, आणि तो पाहवत नाही. मिलरने भीतीचं केंद्र वस्तूकडून माणसाकडे नेलं. पण आलेलं ते कोण, हे त्यानेही सांगितलं नाही. नाकारलेलं नाकारलेलंच ठेवलं, आणि त्याभोवती नवा माणूस उभा केला. बदल केलेला आणि तरी पूर्ण इमानी असा हा नमुना आहे.

२०१०च्या नाताळात बीबीसीने पुन्हा हीच कथा केली. जॉन हर्ट मुख्य भूमिकेत. इथे नायक निवृत्त खगोलशास्त्रज्ञ आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या बायकोला शुश्रूषागृहात ठेवून तो पूर्वी दोघं जात असत त्या समुद्रकाठी एकटा येतो. त्याला शिट्टी सापडत नाही, अंगठी सापडते. हा बदल बघून लोक चिडले ते शीर्षकातली शिट्टीच गायब झाली म्हणून. माझा आक्षेप वेगळा आहे. शिट्टी ही वस्तू म्हणून महत्त्वाची नाही. ती वाजवणं महत्त्वाचं आहे. मूळ कथेत माणूस स्वतः बोलावतो, केवळ कुतूहलापोटी, गंमत म्हणून, आणि ते येतं. अपराध एवढासा, शिक्षा एवढी मोठी, हे प्रमाण बिघडलेलं असणं हीच त्या कथेची जरब. २०१०च्या रूपात येणारं जे आहे त्याला नाव आहे, ओळख आहे, तक्रारही आहे. बायकोला दूर ठेवल्याचं शल्य त्याच्या मागे लागलं आहे हे आपल्याला फार लवकर कळतं. 'हा येतोय तो कोण' याचं उत्तर मिळालं.

तरीही मी त्याला सरळ फसलेला रिमेक म्हणणार नाही. रात्री बंद दारापलीकडची खुडबुड ऐकताना हर्टचा चेहरा, तर्काने स्वतःला शांत करण्याची त्याची धडपड, हे पहिल्या प्रतीचं काम आहे. शिवाय एक नवं नाकारणं त्यात आहे: जे आलं तो तिचा राग आहे की त्याचीच टोचणी, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. एक दार बंद करून दुसरं उघडलं. दुसरं पहिल्याएवढं खोल नाही, म्हणून माझा कौल १९६८ला. पण ज्यांच्या घरात असा आजार येऊन गेला आहे त्यांना २०१०चं रूप जास्त लागेल, आणि त्यांना मी चूक म्हणणार नाही.

आता इमानाबद्दल. मुळाबरहुकूम करणं म्हणजे चांगलं करणं, हा समज किती पोकळ आहे त्याचा पुरावा म्हणजे 'द शायनिंग'. स्टीफन किंगची कादंबरी १९७७ची, स्टॅनली कुब्रिकचा चित्रपट १९८०चा. किंगला तो चित्रपट पटला नव्हता आणि ते त्याने उघडपणे सांगितलं. १९९७ मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहून तीन भागांची टीव्ही-मालिका करून घेतली, दिग्दर्शक मिक गॅरिस. चित्रीकरणसुद्धा कोलोरॅडोतल्या ज्या स्टॅनली हॉटेलवरून कादंबरी सुचली तिथेच. यापेक्षा जास्त प्रामाणिक काय असू शकतं? कादंबरीतल्या हॉटेलच्या बागेत झुडपं कापून केलेले प्राणी आहेत. सुरुवातीच्या प्रसंगांत माणसाची पाठ वळली की ते जरासे सरकतात. बघायला वळावं तर स्थिर. वाचताना मानेवर काटा येतो, कारण तिथे हलणं दिसत नाही, आधीची जागा आणि नंतरची जागा एवढंच दिसतं. कुब्रिकने ते प्राणी काढूनच टाकले आणि झुडपांचा चक्रव्यूह आणला. मालिकेने ते प्राणी परत आणले आणि संगणकावर हलवून दाखवले. कादंबरीतली वस्तू परत आली, पण तिने जे लपवलं होतं ते उघड्यावर आलं. त्या काळचं संगणकीय चित्रण आज कच्चं दिसतं हे खरं, पण उद्या तेच अत्याधुनिक तंत्राने केलं तरी प्रसंग वाचणार नाही. हलताना दाखवलं इथेच तो गेला. त्या मालिकेची बाजूही सांगायला हवी: बाप हळूहळू दारूकडे आणि संतापाकडे घसरत जातो ती शोकांतिका तिच्यात कुब्रिकपेक्षा जास्त स्वच्छ आहे. कुब्रिकचा नायक पहिल्याच प्रसंगात बिघडलेला वाटतो. म्हणजे माणूस मालिकेने राखला, भीती चित्रपटाने राखली.

इथे एक सूचना. पुष्कळांच्या मनात 'मूळ' म्हणून जे असतं ते मूळ नसतंच. 'द शायनिंग'चं मूळ म्हणताना दहातल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढे कुब्रिकचा चक्रव्यूह असतो. तुम्ही नेमकी कशाशी तुलना करताय, कथेशी की लहानपणी पाहिलेल्या आधीच्या चित्रपटाशी, हे स्वतःला विचारा. भयकथेच्या बाबतीत हे फार घडतं, कारण पहिली भीती ज्या वयात बसली ते वयही आपण तिच्यात मिसळून टाकतो. निकाल देण्याआधी कथा पुन्हा वाचा. आठवणीवर विसंबू नका.

मुळाबरहुकूम करूनही उत्तम झालेलं उदाहरण हवं असेल तर बीबीसीचं १९७६चं 'द सिग्नलमन' बघा. चार्ल्स डिकन्सची ही कथा १८६६ची. त्याच्या आदल्या वर्षी तो स्वतः स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून वाचला होता. पटकथा अँड्र्यू डेव्हिसची, दिग्दर्शन लॉरेन्स गॉर्डन क्लार्कचं, सिग्नलमनच्या भूमिकेत डेन्होम एलियट. एक खोल रेल्वेमार्ग, एक बोगदा, एक चौकी, दोन माणसं. बरेचसे संवाद मूळचेच. हे जमलं कारण कथेचा आवाका आणि कार्यक्रमाची लांबी यांचा मेळ होता, जेमतेम चाळीस मिनिटं. सूचना मिळते आहे, पण तिचं करायचं काय हे कळत नाही, ही कथेची तगमग तेवढ्यात नेमकी मावते.

लांबीचा हा प्रश्न आजच्या मालिकांना सर्वांत जास्त भोवतो. तीस-चाळीस पानांची कथा, आणि भाग आठ किंवा दहा. मधली पोकळी कशाने तरी भरावी लागते. पटकथेच्या बैठकीत त्यासाठी दोन पर्याय हमखास पुढे येतात: भुताचा पूर्वेतिहास आणि नायकाच्या बालपणीची जखम. दोन्ही वाईट नाहीत, पण दोन्ही खुलासे आहेत, आणि खुलासा हा भयकथेत जपून खर्च करायचा असतो. तुम्ही बघत असलेल्या मालिकेत तिसऱ्या-चौथ्या भागापासून फ्लॅशबॅक वाढले असतील आणि वर्तमानातल्या धोक्याला भाग-भाग हात लागत नसेल, तर ही पोकळी भरण्याचं काम चालू आहे हे ओळखा.

पोकळी चांगली भरल्याचं उदाहरण म्हणजे २०१८ची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस', दहा भाग, तीही फ्लॅनगनचीच. शर्ली जॅक्सनची कादंबरी १९५९ची. तिथे चार परके लोक एका घरात अभ्यासासाठी एकत्र येतात. मालिकेने त्यांतली बहुतेक नावं कायम राखली आणि त्या नावांची पात्रं एका कुटुंबातली भावंडं केली. सुरुवातीचे पाच भाग एकेका भावंडाचे. तीच रात्र, तोच फोन, तीच बातमी पाच बाजूंनी येते, आणि पाचव्या भागात नेल या बहिणीला लहानपणापासून छळणारी मान मोडलेली बाई कोण हे कळतं. हाही खुलासाच आहे, आणि तरी तो भीती कमी करत नाही. कारण ती बाई नेल स्वतःच आहे: तिला आयुष्यभर दिसत आला तो तिचाच शेवट. आतापर्यंत पाहिलेला प्रत्येक प्रसंग उलटा होऊन अंगावर येतो. उत्तर मिळाल्यावर प्रश्न आणखी वाईट झाला. खुलासा करायचाच असेल तर असा करावा.

पण शेवटाबाबत मी या मालिकेवर बोट ठेवते. कादंबरी सुरुवातीला आणि अखेरीला तेच सांगते: त्या घरात जे काही वावरत होतं ते एकटंच वावरत होतं. मालिकेच्या शेवटी तेच वाक्य बदलून येतं, तिथे वावरणारे एकत्र वावरतात. मृत माणसं घरात एकमेकांना भेटतात, जिवंत माणसं समेट करून बाहेर पडतात. जॅक्सनने नाकारलेली गोष्ट खुलासा नव्हती, दिलासा होता. मालिकेने नेमका तोच दिला. हा नुसता बदल आहे की दोष? यासाठी माझी कसोटी अशी की रिमेकला त्याच्याच नियमांवर धरायचं. नऊ भाग ही मालिका आपल्याला सांगते की हे घर माणसांना गिळतं, हळूहळू पचवतं. दहाव्या भागात तेच घर भेटीगाठींचं ठिकाण होतं. मूळ कादंबरी बाजूला ठेवली तरी हे मालिकेच्या स्वतःच्या बोलण्याशी विसंगत आहे. म्हणून दोष.

दिलासा नाकारण्याचं सर्वांत कठोर उदाहरण टीव्हीवरच आहे. सुझन हिलच्या 'द वुमन इन ब्लॅक' या १९८३च्या कादंबरीवर ब्रिटनच्या आयटीव्हीने १९८९च्या नाताळच्या आदल्या रात्री टीव्हीपट दाखवला, दिग्दर्शक हर्बर्ट वाइज. पटकथाकार नायजेल नीलने बरंच बदललं, अगदी नायकाचं आडनावसुद्धा. शेवटचा अपघातही वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या प्रकारे होतो. पण कथेचा कणा तसाच राहिला: त्या बाईचं दुःख समजून घेतलं, तिची कहाणी उलगडली, तरी ती सोडत नाही. सहानुभूतीने काहीही बदलत नाही. २०१२च्या चित्रपटात नायक आणि त्याचा मुलगा मेल्यावर बायकोला भेटतात, आणि त्या एका भेटीने धार बोथट होते.

त्या १९८९च्या टीव्हीपटातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ती बाई बरेचदा दिवसाउजेडी दिसते. लांबवर, दफनभूमीत, उभी. काही करत नाही. कॅमेरा तिच्याकडे धावत जात नाही. मग एकदाच, रात्री, पलंगावर झोपलेल्या माणसावर ती झेपावते, आणि तो एक प्रसंग लोक वर्षानुवर्षं विसरलेले नाहीत. आधी इतका हात आखडता घेतला म्हणून तो खर्च परवडला.

यावरून आवाजाकडे येते, कारण घरी बघताना तिथेच सर्वांत जास्त फसवणूक होते. शांतता, शांतता, आणि एकदम कर्कश सुरांचा फटका. आपण उडतो, आणि वाटतं प्रसंग भयंकर होता. असा प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघा. काहीच उरलं नाही तर तो फटका होता, प्रसंग नव्हता. मात्र ही कसोटी आंधळेपणाने लावू नका. हिल हाउसवरच रॉबर्ट वाइजने १९६३ मध्ये केलेला चित्रपट जवळजवळ सगळा आवाजावर उभा आहे: भिंतीपलीकडून येणारे ठोके, बाहेरच्या दाबाने आत फुगणारं दार, आणि भूत कुठेच नाही. आवाज बंद केला तर तो चित्रपटही अर्धा होईल. फरक असा की ते ठोके पात्रांनाही ऐकू येतात. त्या आवाजाला कथेत जागा आहे, त्याला एक दिशा आहे, तो खोलीभर फिरतो. कर्कश फटका मात्र फक्त प्रेक्षकासाठी असतो, पात्रांच्या कानावर तो पडतच नाही. आवाज कुणाचा आणि कुणासाठी, एवढं विचारलं की बरंचसं स्पष्ट होतं.

अंधाराबद्दल दोनच शब्द. आजच्या मालिका इतक्या काळोख्या रंगवतात की इंटरनेटवरून येताना गडद छटांचे डाग पडतात आणि दिवाणखान्यातल्या उजेडात काहीच दिसत नाही. तुमचा पडदा आणि खोली आधी नीट करा, मग दिग्दर्शकाला दोष द्या.

काळबदल, ठिकाणबदल, पात्रांचं लिंग किंवा वंश बदलणं यांवर लोक फार भांडतात. माझ्या अनुभवात हे बदल क्वचितच निर्णायक ठरतात. एकच तपासा: मूळ कथेत माणूस मदत का मागू शकत नव्हता? पूर, बर्फ, अंतर, लाज, नोकरी जाण्याची धास्ती, काहीतरी कारण असतंच. नव्या काळात मोबाइल आला की ते कारण पडतं, आणि त्या जागी दुसरं भक्कम कारण उभं करावं लागतं. 'रेंज नाही' हे भक्कम कारण नाही. कुणी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही हे भक्कम कारण आहे.

आता तुमच्या मालिकेसाठी. मूळ कथा पुन्हा वाचा आणि ती काय द्यायचं नाकारते ते एका वाक्यात लिहून काढा. मालिका सलग न बघता रोज एक भाग बघा. सलग बघताना थकवा आणि भीती यांतला फरक कळेनासा होतो. भूत पहिल्यांदा दिसतं तो प्रसंग आणि ते शेवटचं दिसतं तो प्रसंग, हे दोन पुन्हा बघा. मध्ये त्याच्याबद्दल आपल्याला जे कळलं त्याने दुसरा प्रसंग जड झाला की हलका, हे पाहा. तुमच्या सोबत्यांनी मूळ कथा वाचलेली नाही, हे इथे उपयोगाचं आहे. त्यांना कुठल्या भागापासून भीती वाटेनाशी झाली ते विचारा आणि तो भाग नोंदवून ठेवा. तुम्ही लिहिलेल्या वाक्यातली गोष्ट मालिकेने त्याच भागात उघड केली असेल, तर तुमची तक्रार नुसत्या आठवणींच्या लोभातून आलेली नाही. आणि ती उघड झाल्यानंतरही ते तितकेच घाबरत राहिले असतील, तर मालिकेने त्या जागी दुसरं काहीतरी ठेवलं आहे. ते काय आहे हे शोधायला मालिका दुसऱ्यांदा बघा.